खालच्या मजल्यावरचे दोन एल्डर: जेवायला बोलवायचंय, काय वाढू?

शेवंती
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहतो. गेल्या मार्चपासून आमच्या खालच्या घरात दोन मुलगे राहायला आलेत. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी. पाटीवरची अक्षरं स्पॅनिश आहेत, कारण त्यांची नेमणूक इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळीत झालीय. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्या चर्चचे हे मिशनरी. (ते नाव वापरू नका असं त्यांच्या चर्चनेच २०१८ मध्ये सांगितलं, म्हणून मी पुढे एलडीएस, म्हणजे 'लॅटर-डे सेंट्स', लिहिते.) एक आयडाहोचा, बटाट्याच्या शेतीवर वाढलेला, वय १९. दुसरा होंडुरासचा, २१ वर्षांचा. दोघांनाही 'एल्डर' म्हणायचं, म्हणजे वडीलधारा!

माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीय. दुपारी ती घरी एकटीच असते. एकदा या दोघांनी आमचं जड खोकं वर आणून दिलं. आईने खुणेनेच आत बोलावलं, चहाचं आधण ठेवलं. ते दारातच उभे राहिले. आत आले नाहीत, चहाही नको म्हणाले, पाणी पिऊन गेले. आई दिवसभर गप्प. "माझं काही चुकलं का गं?" एवढंच विचारत होती. संध्याकाळी नवऱ्याने खाली जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. घरात बाई एकटी असेल तर त्यांनी आत जायचं नाही, कुणी मोठं पुरुषमाणूस हवं. आणि चहा, कॉफी, दारू, तंबाखू धर्मातच वर्ज्य.

तेव्हापासून ओळख वाढली आणि त्यांचा आठवडा मला कळत गेला. रोज साडेसहाला उठतात. मग व्यायाम, न्याहारी आणि अभ्यास. स्पॅनिशचा अभ्यास मोठ्याने चालतो, आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. सोमवार हा 'तयारीचा दिवस': धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी फोन. आयडाहोवाला जिन्यात बसून आईशी व्हिडिओवर बोलतो. २०१९ च्या आधी नाताळ आणि मातृदिन असा वर्षातून दोनदाच फोन करता यायचा. याचा मोठा भाऊ त्या काळात गेला होता. संध्याकाळी सहाला पुन्हा टाय लागतो. मंगळवारी आसपासच्या मिशनऱ्यांची बैठक, बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये फुकट इंग्रजीचा वर्ग, गुरुवारी पुढच्या आठवड्याची आखणी. शनिवारी कुणाचं सामान हलव, कुणाचं अंगण साफ कर, कधी एखादा बाप्तिस्मा. रविवारी सभा. त्यांच्यात पगारी पाद्री नसतो. इथला 'ओबिस्पो', म्हणजे बिशप, आठवडाभर ट्रक दुरुस्त करतो. रात्री नऊच्या सुमारास सायकली जिन्याखाली लागतात, साडेदहाला दिवा बंद.

मला त्या धर्मात जायचं नाही, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलंय. पण एक गोष्ट मला मनापासून वाटते. ही मुलं रोज संध्याकाळी अशा माणसांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, जी दिवसभर द्राक्षाच्या मळ्यात राबून आलेली असतात. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतात, अडखळत, चुकत. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. परक्या माणसाचं ऐकत अर्धा तास बसायची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही, आणि ती आणण्यात आम्ही कमी पडलो.

दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्या होतात. आयडाहोवाला कधीही जाईल. त्याआधी दोघांना जेवायला बोलवायचंय. कोणत्या दिवशी बोलवू, काय वाढू, आणि या बोलावण्याचा 'हिला धर्मात रस आहे' असा अर्थ तर निघणार नाही ना?

गोदाकाठ
पन्हं! चहाचा प्रश्नच मिटला. कैरी मिळाली नाही तर कोकम सरबत.

विसूनाना
शेवंतीताई, वाचता वाचता मी थेट आमच्या आजोबांच्या गोष्टींत गेलो. ते कोकणातून शिकायला पुण्याला आले. खिशात काही नाही. वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. ते सांगायचे, "शाळेत गणित शिकलो, पण माणसं वारांच्या घरी शिकलो." कुठल्या घरी ताट आधी मांडलेलं असायचं, कुठे दाराशी थांबावं लागायचं, कोणती माउली ताकात मुद्दाम लोणी ठेवायची, सगळं त्यांना ऐंशीव्या वर्षी पाठ होतं.

या मुलांचंही तसंच असावं ना? मंडळीतली घरं आळीपाळीने जेवू घालतात असं ऐकलंय. तुमच्याकडे पाहिलंत का?

शेवंती
विसूनाना, अगदी तसंच! रविवारी सभेत एक तक्ता फिरतो, ज्याला जमेल तो आपलं नाव लिहितो. एका सॅल्वादोरच्या बाईंनी गुरुवार कायमचा धरून ठेवलाय. घरात पाच माणसं, दोन खोल्या, पण गुरुवारी पुपुसा ठरलेल्या.

रोखठोक
धागा छान उतरलाय, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. नव्या देशात आलेला, भाषा न येणारा, कागदपत्रांच्या काळजीत असलेला मजूर हा सगळ्यात एकटा माणूस असतो. त्याच्या दारात गोड बोलणारी दोन मुलं फुकट इंग्रजी शिकवायला येतात आणि पाठोपाठ धर्म येतो. अशा वेळी त्याची निवड खरंच मोकळी असते का? त्यातले बहुतेक आधी कॅथलिक असतात. त्यांच्या आजीच्या घरातली ग्वादालूपेच्या मेरीमातेची तसबीर उतरते तेव्हा त्या घरात काय होत असेल, याचाही विचार व्हावा.

मुलांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांना पाठवणाऱ्या व्यवस्थेबद्दल.

काळा_कुळीथ
रोखठोक यांना अनुमोदन. जेवायला मात्र जरूर बोलवा. भुकेल्या पोराला धर्म नसतो.

सॉल्टलेकची_सून
मी युटामध्ये अकरा वर्षं आहे. माझ्या ऑफिसात निम्मे सहकारी मिशनवर जाऊन आलेत. काही गोष्टी सांगते.

मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते स्वतः ठरवत नाहीत, पत्र येतं. ते पत्र उघडायला सगळं नातेवाईकांचं गोत जमतं. पगार नाही, उलट खर्च घरून द्यायचा असतो. अमेरिकेतल्या मुलांसाठी २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे १२,००० डॉलर. बरीच मुलं शाळेत असल्यापासून गवत कापून, दुकानात काम करून ते साठवतात. आत्ता जगभर असे ७० हजारांहून जास्त तरुण आहेत.

भाषा शिकायला आधी प्रशिक्षण केंद्र असतं. सगळ्यात मोठं आमच्याकडे प्रोव्होला. मेक्सिको सिटीतही २०१३ पासून एक आहे, चर्चच्याच जुन्या शाळेच्या आवारात. स्पॅनिशसाठी साधारण सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात भाषा येत नाही, धीर येतो. खरी भाषा पुढे जोडीदाराकडून आणि जेवणाच्या टेबलांवर येते. माझा टीमलीड ग्वातेमालाला होता. वीस वर्षं झाली तरी ऑफिसच्या सफाईवाल्या मावशींशी रोज पाच मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलल्याशिवाय तो जागेवर बसत नाही. त्यांच्या मुलाच्या कॉलेजचे फॉर्मही त्यानेच भरून दिले.

शेवंती, महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलवू नकोस. त्यांचा उपास असतो. दोन जेवणं सोडतात, पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात.

शेवंती
हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे निर्जळी की! मग हे आपल्यातलेच." कालपासून तिचा त्यांच्यावरचा सगळा राग गेलाय.

नगरची_रूथ
मी अहमदनगरची, आता अहिल्यानगर. मराठी ख्रिस्ती. आमच्या घराला या धाग्याचा विषय पाच पिढ्या माहीत आहे, फक्त दुसऱ्या बाजूने, म्हणून लिहिते.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. तेही असेच तरुण होते, मराठीचा म माहीत नसलेले. पंडितांकडे बसून शिकले. सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यातली एक शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून मुलींची शाळा काढली. त्याआधी दोनशे वर्षं गोव्यात फादर स्टीफन्स होते. इंग्लंडचा माणूस, १५७९ साली आला आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ साली ते छापलं गेलं. परक्याने आपल्या भाषेवर असं प्रेम केलेलं आपण शाळेत कौतुकाने शिकतो. मग फ्रेस्नोचा आयडाहोवाला मुलगा आपल्याला परका का वाटावा?

रोखठोक, तुमच्या प्रश्नाचा मला राग नाही. पण आयुष्यभर मला लोकांनी विचारलंय, "तुमच्या पणजोबांना किती पैसे मिळाले?" माझे पणजोबा वाचायला शिकले. गावात ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या विहिरीची गोष्ट कुणी विचारत नाही. गरीब माणूसही विचार करून ठरवतो. त्याला फसलाच असेल असं धरून चालणं हा त्याचा अपमान आहे.

रोखठोक
रूथताई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. 'गरीब माणूसही विचार करून ठरवतो' हे मी माझ्या प्रतिसादात विसरलो होतो. मान्य.

पण व्यवस्थेबद्दलचा मुद्दा सोडत नाही. या चर्चमध्ये १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. आणि त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथातल्या लेमनाइट लोकांशी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं नातं जोडलं गेलं. ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते 'प्रमुख पूर्वज' होते, २००६ मध्ये ते बदलून 'पूर्वजांपैकी' असं झालं. स्पॅनिश मंडळीत बसलेल्या माणसाला, तू कोण आहेस हे दुसऱ्याच्या ग्रंथाने सांगणं, हे मला जड वाटतं.

सॉल्टलेकची_सून
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या ओळखीच्या मेक्सिकन एलडीएस घरांत याबद्दल दोन टोकं पाहिलीत. एका आजोबांना त्यात अभिमान वाटतो, 'आमचाही ग्रंथात उल्लेख आहे' म्हणतात. त्यांच्या नातीला ते अजिबात पटत नाही, तरी ती दर रविवारी येते. सभेतली तिची गाणी आणि तिची माणसं तिथे आहेत.

एकेरी_उस्तेद
मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्यामुळे या धाग्यावर उडी मारणं भाग आहे.

आपल्यासारखं स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. हो, तूला तूच! इंग्रजी मुलाला हे जड जातं. मंडळीतल्या आजींना त्याने उस्तेद म्हणायला हवं. आणि प्रार्थना सुरू झाली की देवाला 'तू'. एलडीएस लोक इंग्रजीत प्रार्थना करताना जुने, भारदस्त शब्द वापरतात, आणि इथे अचानक देव एकेरीत येतो. माझ्याकडे शिकलेला एक अमेरिकन मुलगा यावर अडला होता. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे वडिलांना तुम्ही म्हणतात, पण आईला आणि विठ्ठलाला तू. त्याने वही बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आता कळलं."

अवांतर: 'पेकादो' म्हणजे पाप, 'पेस्कादो' म्हणजे मासा. नव्या मिशनऱ्यांकडून मंडळीला आपापल्या माशांचा पश्चात्ताप करायचं आवाहन हमखास होतं.

मालवणी_मसाला
माशांचा पश्चात्ताप आमच्यान व्हायचो नाय. बाकी सगळा कबूल.

रांगडा_गडी
ताई, कोल्हापूरचा माणूस म्हणून सांगतो, तांबडा-पांढरा करा. पोरं सायकलवर फिरत्यात, अंगात काहीतरी जायला पायजे. फ्रेस्नोचं ऊन आमच्या मेव्हण्यानं सांगितलंय, जुलैत चाळीसच्या वर.

शेवंती
ऊन तर विचारू नका. सप्टेंबरात मनुक्यांची द्राक्षं काढतात, ओळींच्या मध्ये कागदावर वाळत घालतात. मजूर पहाटे चारला उठतात, म्हणून संध्याकाळी सातनंतर त्यांच्या घरी गेलं तर माणूस पेंगत असतो. आयडाहोवाला म्हणाला, सुरुवातीला त्याला वाटायचं लोकांना आपल्या बोलण्यात रस नाही. मग एका शनिवारी पहाटे तो मळ्यात मदतीला गेला. दुपारपर्यंत हात सोलले. त्यानंतर कुणी पेंगलं की तो पुस्तक मिटतो आणि भांडी घासायला उठतो.

आणखी एक गोष्ट सांगते, मला ती फार लागली. मंडळीत एक आजी आहेत, मेक्सिकोतल्या वाहाकाच्या. सगळी सभा शांतपणे ऐकतात, काही बोलत नाहीत. या मुलाला वाटलं आपलं स्पॅनिश त्यांना कळत नाही, म्हणून तो आणखी हळू, आणखी मोठ्याने बोलायला लागला. एके दिवशी नातीने सांगितलं, आजीला स्पॅनिश थोडंच येतं. तिची भाषा मिश्तेक. फ्रेस्नो-मदेराच्या मळ्यांत अशी खूप माणसं आहेत. म्हणजे हा मुलगा इतक्या कष्टाने जी भाषा शिकला, तीही त्या आजींसाठी परकीच, शाळेची आणि सरकारची. त्याने नातीकडून मिश्तेकमधले पाच शब्द लिहून घेतले. आता रविवारी आजींना त्यांच्या भाषेत नमस्कार करतो. पहिल्यांदा केला तेव्हा आजींनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही म्हणे.

विसूनाना
आमच्याकडे डांग, मेळघाट, गडचिरोलीत शिक्षक म्हणून गेलेल्यांना हा अनुभव रोज येतो. पोर गप्प बसतं, मास्तर म्हणतात मठ्ठ आहे. ते घरी कोरकू किंवा माडिया बोलत असतं.

पाऊलवाट
मी सहसा फक्त वाचते. पण सगळं इतकं छान छान लिहिलं जातंय म्हणून एक अनुभव लिहिते.

माझ्या मुलाचा शाळेतला मित्र असाच मिशनवर गेला आणि सातव्या महिन्यात परत आला. झोप लागायची नाही, रडू यायचं. चोवीस तास जोडीदार सोबत, एकटेपणा नाही आणि एकांतही नाही. रोज दारं मिटलेली बघायची. परत आल्यावर त्याच्यावर कुणी रागावलं नाही, पण लोक त्याच्या आईशी दबक्या आवाजात बोलू लागले, घरात कुणी गेल्यासारखं. तो आमच्याकडे यायचा, सोफ्यावर बसायचा. मी त्याला काही विचारलं नाही. पोहे करून द्यायची. तीन-चार महिन्यांनी एकदा स्वतःहून म्हणाला, "तिथल्या एका आजोबांना मी अजून फोन करतो." तो आता नर्सिंग शिकतोय, स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटसाठी.

शेवंती, तुझ्या मुलांना जेवायला बोलव आणि धर्माबद्दल विचारायच्या आधी विचार, झोप नीट लागते का.

नगरची_रूथ
पाऊलवाट, तुमच्या पोह्यांना नमस्कार.

गोदाकाठ
डोळ्यांत पाणी आलं. काही सुचत नाही लिहायला.

खाईन_तर_तुपाशी
अवांतर, पण पुपुसा म्हणजे नक्की काय? सारण भरलेली भाकरी का?

शेवंती
बरोबर ओळखलंत. मक्याचं पीठ, आत चीज किंवा शिजवलेल्या घेवड्याचं सारण, हातावर थापून तव्यावर भाजतात, वर कोबीचं आंबट लोणचं. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग दळतात. त्या पिठाला म्हणतात 'मासा'. आईला सांगितलं तर तिने एकदम हात मागे घेतला, तिला खरंच मासा वाटला!

गेल्या गुरुवारी त्या सॅल्वादोरच्या बाईंनी आईलाही बोलावलं होतं. आईने पिठाचा गोळा घेतला आणि थाप थाप थाप. बाई बघतच राहिल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. होंडुरासवाला दोघींच्या मध्ये उभा राहून स्पॅनिशचं इंग्रजी करत होता, माझा मुलगा इंग्रजीचं मराठी. पाऊण तास तो तिथून हलला नाही. मी त्याला थांब म्हणालेही नव्हते.

एकेरी_उस्तेद
शेवंती, हे वाचून माझा दिवस सार्थकी लागला.

रोखठोक
मुद्द्यावर येऊ. जेवणाचं काय ठरलं? मी धर्मांतराबद्दल कितीही बोललो तरी मेनूत मला रस आहे. आणि एक मनापासून सुचवतो: जेवणाआधी त्यांना त्यांची प्रार्थना करू द्या आणि तुमच्या आईंना 'वदनी कवळ घेता' म्हणू द्या. दोन्ही मोठ्याने.

शेवंती
मंडळी, जेवण झालं! काल मंगळवारी. नवरा साडेपाचलाच घरी आला, त्यामुळे नियमाचा प्रश्न नव्हता. पिठलं, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, मसालेभात, श्रीखंड. प्यायला कोकम सरबत, कैरी काही मिळाली नाही. तांबडा-पांढरा पुढच्या वेळी, रांगडा_गडी, आईने श्रावणापासून सामिष बंद ठेवलंय.

रोखठोक, तुमचं ऐकलं. आधी आयडाहोवाल्याने स्पॅनिशमध्ये प्रार्थना केली. मी विचारलं, इंग्रजीत का नाही? म्हणाला, आता मनात तीच येते. मग आईने 'वदनी कवळ' म्हटलं. होंडुरासवाल्याने अर्थ विचारला, माझ्या मुलाने सांगितला. पूर्णब्रह्मावर अडला, पण सांगितला.

होंडुरासवाल्याने भाकरीत उसळ भरली, दुमडली आणि म्हणाला, "बालेआदा!" त्यांच्याकडे पोळीत घेवडा भरून तसं खातात. चार खाल्ल्या. मग म्हणाला, अडीच वर्षांपूर्वी आजी गेली, तिच्या हातची चव अशी होती. जेवण तिथेच थोडा वेळ थांबलं.

पाऊलवाट, तुम्ही सांगितलंत ते विचारलं. आयडाहोवाला आधी हसला. मग म्हणाला, पहिले चार महिने झोप नव्हती, आता लागते. घरी सांगितलं होतंस का विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाला. आईला काय बोलणं चाललंय ते कळलं नव्हतं, पण तिने त्याच्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं.

धर्माचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना एवढंच म्हणाले, कधी काही विचारावंसं वाटलं तर आम्ही खालीच आहोत. आणि जाण्याआधी सगळी भांडी घासली. आई नको नको म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही.

विसूनाना
शेवंतीताई, तुमच्या घरी एक वार लागला म्हणायचा.

शेवंती
नाना, आईने मंगळवार दिलाय. पण आयडाहोवाल्याला तो मिळणार नाही. बदलीचा निरोप आला, तो दुसऱ्या गावी चाललाय. होंडुरासवाला इथेच आहे. नवा मुलगा येतोय, स्पॅनिश अजून कच्चं आहे म्हणे. आयडाहोवाल्याने जाताना मिश्तेकच्या पाच शब्दांचा कागद दारावर आतून चिकटवलाय, नव्यासाठी.

आई आत्ता विचारतेय, मटकीला मोड आणायला इथल्या थंडीत किती वेळ लागेल?

खाईन_तर_तुपाशी
ऑक्टोबरात दीड दिवस. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, एका रात्रीत येतात.